‘ला’, ‘ने’ आणि ‘पेक्षा’: गणित आणि विज्ञानाच्या तासाला विषयाची भाषा कशी शिकवावी

सातवीच्या वर्गाला मी एकदा फळ्यावर एक साधे उदाहरण दिले होते: ‘१२ ने ३ ला भागा.’ जवळजवळ सगळ्यांनी उत्तर ४ लिहिले. भागाकार कच्चा राहिला असे समजून मी तो पुन्हा शिकवायला घेणार होते, तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या एका मुलीला फळ्याजवळ बोलावले आणि विचारले, ‘समज, भाकरी आहेत आणि जेवणारी माणसे आहेत. या वाक्यात भाकरी किती आणि माणसे किती?’ ती बराच वेळ वाक्याकडे पाहत राहिली. मग ‘ला’ या अक्षराखाली बोट ठेवून म्हणाली, ‘बाई, ज्याला भागायचंय ती भाकरी. म्हणजे भाकरी तीन आणि माणसं बारा. एकेकाला पाव भाकरी येईल.’ तिला भागाकार येत होता आणि अपूर्णांकही येत होता. ती अडली होती ‘ला’ आणि ‘ने’ या दोन प्रत्ययांपाशी, आणि हे प्रत्यय आम्ही मराठीच्या तासाला विभक्ती म्हणून पाठ करून घेतो, पण गणिताच्या तासाला त्यांच्याकडे पाहतही नाही.

नाशिक जिल्ह्यात शिकवताना हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. बागलाण, कळवणकडच्या मुलांच्या घरी अहिराणी बोलली जाते, सुरगाणा आणि पेठ भागातल्या कितीतरी मुलांची पहिली भाषा कोकणा आहे, मालेगावात उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, आणि शहरातल्या मराठी शाळांपैकी अनेकींनी गणित-विज्ञानासाठी सेमी इंग्रजी स्वीकारले आहे. अशा मुलाला ‘गणितात कच्चा’ असा शेरा देण्याआधी तो गणितात अडला आहे की वाक्यात, हे पाहणे शिक्षकाचे कर्तव्य आहे. पुढील पद्धत पाचवी ते दहावीच्या वर्गांसाठी आहे. ती वर्षभरात हळूहळू रुळवावी, एका आठवड्यात सगळी सुरू करू नये.

चूक नेमकी कुठे होते ते आधी शोधावे

ऑस्ट्रेलियातील शिक्षणतज्ज्ञ अ‍ॅन न्यूमन यांनी १९७७ मध्ये शाब्दिक उदाहरण सोडवण्याचे पाच टप्पे मांडले: वाचणे, समजणे, समजलेल्या गोष्टीचे गणिती क्रियेत रूपांतर करणे, क्रिया करणे आणि उत्तर लिहिणे. त्यांची निदानपद्धत आपल्या वर्गात जशीच्या तशी वापरता येते. मुलाला समोर बसवून क्रमाने पाच गोष्टी करायला सांगाव्यात: उदाहरण मोठ्याने वाच, काय विचारले आहे ते तुझ्या शब्दांत सांग, ते काढण्यासाठी काय करशील ते सांग, आता करून दाखव आणि करताना बोलत राहा, शेवटी उत्तर पूर्ण वाक्यात लिही. पहिल्यांदा जिथे तो थांबतो, तीच त्याची खरी अडचण. पुढच्या टप्प्यांवरच्या चुका बहुधा तिच्यामुळेच झालेल्या असतात.

मी यासाठी असे उदाहरण वापरते: ‘एका बागेतून पहिल्या दिवशी २४० क्रेट द्राक्षे निघाली. दुसऱ्या दिवशी त्यापेक्षा ३० क्रेट कमी निघाली आणि ती प्रत्येकी ७० क्रेट मावणाऱ्या गाड्यांमध्ये भरली. दुसऱ्या दिवशी किती गाड्या लागल्या?’ निफाड, दिंडोरीकडच्या मुलांना बाग, क्रेट आणि गाडी यांत नवीन काहीच नाही. तरीही काही मुले २४० आणि २१० यांची बेरीज करून ४५० ला ७० ने भागू लागतात. त्यांना विचारले की ‘ती’ म्हणजे कोणती द्राक्षे, तर उत्तर येते, ‘सगळी.’ इथे भागाकार बिनचूक आहे. सर्वनाम कोणाबद्दल बोलते आहे हे मुलाने ताडलेले नाही.

ही चाचणी संपूर्ण वर्गाची घेण्याचा अट्टहास करू नये. सहा मुले निवडावीत, दोन बरे गुण मिळवणारी, दोन मध्यम आणि दोन मागे पडलेली, आणि प्रत्येकाला पाच-सात मिनिटे द्यावीत. वहीत फक्त मुलाचे नाव आणि अडलेला टप्पा लिहावा. त्या सहा नोंदींवरून वर्गाला नेमके कशाची गरज आहे याचा पुरेसा अंदाज येतो.

धड्यातून शब्द वेचताना तीन ढीग करावेत

धडा शिकवण्याआधी पुस्तक उघडून पेन्सिलीने शब्दांखाली रेघा ओढाव्यात आणि शब्द तीन ढिगांत टाकावेत. पहिल्या ढिगात रोजच्या बोलण्यातले, पण विषयात आल्यावर अर्थ बदलणारे शब्द येतात. ‘वर्ग’ म्हणजे मुले बसतात ती खोली, संख्येला त्याच संख्येने गुणून येणारी संख्या, आणि सजीवांच्या वर्गीकरणातील एक पायरी. ‘अंश’ अपूर्णांकात वर बसतो, तापमापीवर दिसतो आणि कोनमापकावरही असतो. घरात ‘घात’ म्हणजे दगा, ‘व्यस्त’ म्हणजे कामात गढलेला, ‘मूळ’ म्हणजे झाडाचे, आणि ‘बाकी’ म्हणजे दुकानदाराची उधारी. विज्ञानातले ‘कार्य’ तर मुलांना अन्यायकारकच वाटते: डोक्यावर भरलेला हंडा घेऊन तासभर एका जागी उभ्या असलेल्या बाईने त्या हंड्यावर शून्य कार्य केले, हे पेठ भागातली मुलगी सहजासहजी कशी मान्य करील? तिच्या आईचे कष्ट खरेच आहेत, हे आधी स्पष्टपणे मान्य करावे, आणि मग विज्ञानाने ‘कार्य’ हा शब्द बल आणि बलाच्या दिशेने झालेले विस्थापन यांच्यापुरता राखून ठेवला आहे, असे सांगावे.

दुसऱ्या ढिगात फक्त विषयातच भेटणारे शब्द येतात: परासरण, अपवर्तन, सहगुणक, लंबदुभाजक. हे शब्द दिसायला अवघड असतात, पण त्यांचा जुना अर्थ मुलाच्या डोक्यात नसल्याने ते पहिल्या ढिगाइतके दगा देत नाहीत, असा माझा अनुभव आहे. तिसऱ्या ढिगात छोटे शब्द, प्रत्यय आणि प्रश्नातली क्रियापदे येतात: पेक्षा, प्रत्येकी, अनुक्रमे, किमान, पर्यंत, काढा, पडताळा घ्या, सिद्ध करा. पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या शब्दसूचीत हा ढीग कधीच नसतो, आणि मुले सर्वाधिक इथेच अडतात. ‘काढा’ या एका शब्दाचेच पाहा: आकृती काढा, क्षेत्रफळ काढा, सामाईक अवयव बाहेर काढा. तिन्ही ठिकाणी हाताला वेगवेगळे काम करावे लागते.

एका धड्यासाठी सगळे मिळून पाच-सहा शब्दच निवडावेत. वीस शब्दांची यादी फळ्यावर लिहून वहीत उतरवून घेणे म्हणजे शुद्धलेखनाचा सराव झाला, शब्द शिकवणे झाले नाही.

अनुभव आधी, शब्द नंतर

बहुतेक धडे व्याख्येने सुरू होतात आणि आम्हीही तसेच शिकवतो. हा क्रम उलटा करावा. परासरण शिकवायचे असेल तर आदल्या दिवशी घरून मूठभर बेदाणे आणायला सांगावेत. नाशिकमध्ये ही सर्वात सोपी मागणी आहे. तासाच्या सुरुवातीला प्रत्येक गटाने दहा बेदाणे मोजून वाटीभर पाण्यात टाकावेत, दोन बेदाणे कोरडे ठेवावेत, आणि शक्य असल्यास आणखी दोन घट्ट साखरपाण्यात टाकावेत. दुपारच्या सुट्टीनंतर गटाने पाहिलेले स्वतःच्या शब्दांत सांगावे. ‘फुगले’, ‘मऊ झाले’, ‘सुरकुत्या गेल्या’, ‘साखरेतले तेवढे फुगले नाहीत’ अशी वाक्ये येतात. ती जशीच्या तशी, मुलांच्या बोलीत, फळ्याच्या डाव्या बाजूला लिहावीत.

नंतर विचारावे, पाणी आत कुठून गेले? सालीला भोक तर नाही. मग साखर बाहेर का आली नाही? इथे मुले घुटमळतात, आणि त्यांना एका शब्दाची खरोखर गरज भासते. त्या क्षणी उजव्या बाजूला ‘निवडक्षम पारपटल’ (काही पदार्थांनाच आरपार जाऊ देणारा पातळ पडदा) आणि ‘परासरण’ (अशा पडद्यातून पाण्याचे जाणे) हे शब्द लिहावेत, आणि डावीकडचे प्रत्येक वाक्य उजवीकडच्या शब्दांत पुन्हा मांडून घ्यावे: ‘बेदाणे फुगले’ याचे ‘बेदाण्याच्या पेशींतील संहत द्रावणाकडे बाहेरचे पाणी पारपटलातून गेले’ असे होते. डावी बाजू पुसू नये. मुलाची बोली आणि विषयाची भाषा फळ्यावर शेजारी शेजारी राहिल्या, म्हणजे आपण बोललेलेच आता नेमकेपणाने लिहिले जात आहे, हे त्याला डोळ्यांनी दिसते.

शब्द फोडून दाखवावा

मराठी परिभाषेचे मोठे सामर्थ्य म्हणजे तिच्यातील बहुतेक शब्द कुटुंबांत राहतात. द्रवणांक, उत्कलनांक, अपवर्तनांक आणि घातांक या सगळ्यांच्या शेवटी ‘अंक’ आहे; म्हणजे उत्तर संख्येत द्यायचे, हे मुलाला शब्दातूनच कळते. द्राव्य, द्रावक, द्रावण, विद्राव्य हे एकाच घरातले चार सदस्य: विरघळणारा, विरघळवणारा, दोघांचे मिळून झालेले, आणि विरघळू शकणारा. ‘वृत्’ म्हणजे वळणे किंवा फिरणे. त्यातून परावर्तन, अपवर्तन, आवर्तसारणी आणि वर्तुळ असे शब्द आले. ‘सम’ हा तुकडा समभुज, समांतर, समरूप, समीकरण आणि समच्छेद यांत सापडतो, पण सम संख्येतला ‘सम’ वेगळे काम करतो, हेही सांगावे.

लसावि (लघुतम सामाईक विभाज्य) आणि मसावि (महत्तम सामाईक विभाजक) यांतला कायमचा गोंधळ शब्द फोडल्याशिवाय सुटत नाही. १२ आणि १८ यांचा ‘लघुतम’ म्हणून काढलेला लसावि ३६ येतो आणि ‘महत्तम’ म्हणून काढलेला मसावि ६ येतो, तेव्हा मुलांना सगळेच उलटे वाटते आणि ती अदलाबदल करतात. इथे भर शेवटच्या शब्दावर द्यावा. विभाज्य म्हणजे ज्याला या संख्यांनी भाग जातो तो; तो दोन्ही संख्यांइतका किंवा त्यांहून मोठाच असणार, आणि अशा अनंत विभाज्यांतला आपल्याला लहानात लहान हवा आहे. विभाजक म्हणजे ज्याने या संख्यांना भाग जातो तो. तो त्यांच्याइतका किंवा त्यांहून लहानच असणार, आणि त्यांतला आपल्याला मोठ्यात मोठा हवा आहे. ‘लघुतम कशांपैकी?’ हा एक प्रश्न विचारण्याची सवय लागली की अर्धे काम होते.

संख्यानामांचेही असेच आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ बरोबर ‘वीस एक’ असे वाचन आले, तेव्हा राज्यभर वाद झाला. वादाची बाजू कोणतीही असो, मुलांना संख्यानामे जड जातात ही गोष्ट खरी आहे. ‘एकोण’ म्हणजे एकाने ऊन, म्हणजे एकाने कमी, एवढे सांगितले की एकोणतीस आणि एकोणसाठ यांची भीती बरीच उतरते. पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे घरातले शब्द तर अपूर्णांकांची तयार शिदोरी आहेत. अपूर्णांकांचा धडा त्यांच्यापासूनच सुरू करावा.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे व्याख्या नव्हे. ‘अपवर्तन’ म्हणजे नुसते वळणे असे मुलाच्या मनात बसले, तर लंब दिशेने काचेत शिरलेला किरण वळत नाही, तरी त्याची चाल बदलते, हे पुढे त्याला पटवणे अवघड जाते.

प्रत्ययांना हात घालावा

हा भाग मी सर्वात सावकाश शिकवते, कारण याच्याबद्दल कोणतेही पुस्तक स्वतंत्र धडा देत नाही. मराठीत क्रियेची दिशा प्रत्यय ठरवतात. ‘क्ष मधून ५ वजा करा’ आणि ‘५ मधून क्ष वजा करा’ यांत शब्द तेच आहेत, पण राशी, म्हणजे चिन्हांत लिहिलेली मांडणी, वेगळ्या आहेत: क्ष – ५ आणि ५ – क्ष. ‘क्ष पेक्षा ५ ने कमी’ यात ‘पेक्षा’ आपण कोणापासून मोजतो ते सांगतो आणि ‘ने’ फरक किती ते सांगतो. पट्टीच्या आकाराच्या कोऱ्या कागदांवर एकेक शब्द आणि प्रत्यय लिहावेत, मुलांना ते जुळवून वाक्ये करायला द्यावीत, आणि प्रत्येक वाक्यासाठी राशी लिहून घ्यावी. मग एकाच प्रत्ययाची पट्टी उचलून दुसरी ठेवावी आणि राशी कशी बदलली ते विचारावे. या खेळाला साहित्य लागत नाही आणि तीस मिनिटांत तो पुरा होतो.

शेकडेवारीत हाच प्रश्न पैशाचा होतो. लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव क्विंटलला २००० रुपये होता असे समजू. ‘भाव २० टक्क्यांनी उतरला’ म्हणजे १६०० रुपये झाला. ‘भाव २० टक्क्यांवर उतरला’ म्हणजे ४०० रुपये झाला. ‘दुपटीने वाढला’ असे लोक बोलतात तेव्हा ४००० म्हणायचे की ६०००, यावर वर्गात चर्चा होऊ द्यावी आणि ‘दुप्पट झाला’ असे नि:संदिग्ध लिहावे, असा निर्णय मुलांनाच घेऊ द्यावा. ज्यांच्या घरी कांदा पिकतो, त्या मुलांना हा फरक एका वाक्यात पटतो.

सेमी इंग्रजीच्या शिक्षकांसाठी इथे एक महत्त्वाची गोष्ट आहे. ‘एक्समधून पाच वजा करा’ या मराठी वाक्यातला क्रम राशीच्या क्रमाशी जुळतो: आधी एक्स, मग वजा पाच. ‘सबट्रॅक्ट फाइव्ह फ्रॉम एक्स’ यात क्रम उलटा आहे, आणि ‘फाइव्ह लेस दॅन एक्स’ यातही. म्हणून मुले पाच वजा एक्स असे लिहून मोकळी होतात. अशा वेळी इंग्रजी वाक्य पाच वेळा मोठ्याने वाचून काही होत नाही. ते मुलाला आधी मराठीत सांगू द्यावे, मराठीतून राशी लिहू द्यावी, आणि मग पुन्हा इंग्रजी वाक्याकडे न्यावे.

चार खणांचे कार्ड

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात डोरोथी फ्रेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये मांडलेली चौकट आता जगभर वापरली जाते. कार्डाच्या मध्यभागी शब्द, आणि भोवतीच्या चार खणांत अर्थ, गुणधर्म, उदाहरणे आणि उदाहरणे नसलेल्या गोष्टी. चौथा खण सर्वात मोलाचा आहे आणि तोच बहुतेकदा रिकामा सोडला जातो. ‘द्रावण’ या शब्दाच्या कार्डावर उदाहरणांत मीठपाणी आणि साखरपाणी येईल. चौथ्या खणात पावसाळ्यातल्या गोदावरीचे गढूळ पाणी लिहावे, कारण भांड्यात स्थिर ठेवले की त्यातला गाळ खाली बसतो आणि म्हणून ते निलंबन आहे. आणि दूध लिहावे, कारण ते दिसायला एकजीव असले तरी कलिल आहे, म्हणजे त्यात न विरघळलेले अतिसूक्ष्म कण पसरलेले असतात. ‘जवळपास असलेले, पण नसलेले’ उदाहरण शोधताना मुले शब्दाच्या कडा तपासतात.

मुलांना बोलते करावे

चाळीस मिनिटांच्या तासात एका मुलाच्या तोंडून विषयाचा शब्द किती वेळा उच्चारला जातो, हे एखाद्या दिवशी मोजून पाहावे; बहुतेक मुलांच्या बाबतीत उत्तर शून्य येते. एका सुरात दिलेली ‘होऽऽ बाई’ ही उत्तरे यात धरू नयेत. तासात दोनदा दोन-दोन मिनिटे शेजाऱ्याशी बोलण्यासाठी द्यावीत आणि वाक्याची सुरुवात फळ्यावर लिहून ठेवावी: ‘हे दोन त्रिकोण एकरूप आहेत, कारण…’, ‘तापमान वाढले तर…’, ‘मला असे वाटत नाही, कारण…’.

भूमितीत पाठीला पाठ लावून बसण्याचा खेळ फार उपयोगी पडतो. एकाच्या हातात आकृती असते, तो ती शब्दांत सांगतो, दुसरा न पाहता काढतो. ‘हे’, ‘ते’, ‘इकडे’, ‘असं’ हे शब्द चालत नाहीत. जीवा, त्रिज्या, लंब, मध्यबिंदू हे शब्द मग आपोआप मागितले जातात. मूल चुकीच्या शब्दाने बरोबर गोष्ट सांगत असेल तर त्याला मध्येच तोडू नये. त्याचे बोलणे पूर्ण होऊ द्यावे आणि तेच वाक्य योग्य शब्द घालून आपण परत म्हणावे: ‘म्हणजे वर्तुळाच्या मधून जाणारी रेघ, म्हणजे व्यास, असे तुला म्हणायचे आहे ना?’

विज्ञानाचे पान गोष्टीसारखे वाचू नये

मराठीच्या पुस्तकातला उतारा मुले वरून खाली एका दमात वाचतात. विज्ञानाचे पान तसे वाचता येत नाही. त्यात वाक्यातून आकृतीकडे, आकृतीतून तक्त्याकडे आणि परत वाक्याकडे असे जावे लागते. शिक्षकाने एक परिच्छेद मोठ्याने वाचून, कुठे थांबावे आणि मनात काय प्रश्न येतो हे बोलून दाखवावे.

यासाठी पावसाळ्यातले वर्तमानपत्र उत्तम साधन आहे. गंगापूर धरणाची बातमी आली की तिच्यात साठा, पातळी आणि विसर्ग असे तीन शब्द येतात, आणि मोठी माणसेही त्यांची सरमिसळ करतात. साठा म्हणजे धरणात एकूण पाणी किती, म्हणजे आकारमान. त्याचे एकक टीएमसी, म्हणजे १०० कोटी घनफूट. पातळी म्हणजे उंची. नाशिककर ती रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले यावरून सांगतात. विसर्ग म्हणजे दर सेकंदाला किती पाणी सोडले, म्हणजे दर. त्याचे एकक क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लीटर. मग विचारावे: १००० क्युसेक विसर्ग अखंड चालू राहिला तर १ टीएमसी पाणी जायला किती वेळ लागेल? उत्तर १० लाख सेकंद, म्हणजे साडेअकरा दिवसांहून थोडे अधिक. हे उदाहरण सोडवताना ‘दर सेकंदाला’ या दोन शब्दांत भागाकार दडलेला आहे, हे मुलांना उमगते.

मोजमापाचे असेच दुसरे घरगुती उदाहरण गुंठ्याचे. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाजू असलेला चौरस. ३३ चा वर्ग १०८९. म्हणून क्षेत्रफळ १०८९ चौरस फूट, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. चौरस ही आकृती, वर्ग ही संख्या आणि चौरस फूट हे एकक, तिन्ही एका वाक्यात सापडतात. वस्तुमान आणि वजन यांसाठी टोमॅटोचा २० किलोचा क्रेट घ्यावा: बाजारातला काटा ज्याला वजन म्हणतो ते विज्ञानात २० किलोग्रॅम वस्तुमान आहे, आणि त्याचे वजन सुमारे १९६ न्यूटन.

‘शास्त्रीय कारणे लिहा’ हे लिहायला शिकवावे

या प्रश्नाचे गुण जातात ते माहितीअभावी कमी आणि वाक्यांची साखळी न जुळल्यामुळे अधिक. प्रश्न असा घेऊ: कडाक्याच्या थंडीत निफाडचे बागायतदार पहाटे द्राक्षबागेला पाणी का देतात? मुलगा लिहितो, ‘कारण पाणी गरम असते म्हणून बाग वाचते.’ हे चूक नाही, पण अर्धवट आहे. त्याला तीन जागा भरायला द्याव्यात. पहिल्यात नियम: पाण्याची विशिष्ट उष्माधारकता जास्त असल्यामुळे ते सावकाश थंड होते आणि थंड होताना बरीच उष्णता बाहेर टाकते. दुसऱ्यात या ठिकाणची परिस्थिती: विहिरीतून आलेले पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असते आणि ते जमिनीत मुरते. तिसऱ्यात ‘त्यामुळे’ किंवा ‘परिणामी’ या शब्दाने सुरू होणारा निष्कर्ष: त्यामुळे वेलींभोवतीचे तापमान एकदम खाली जात नाही आणि मण्यांचे नुकसान कमी होते.

पहिले काही आठवडे वर्गाने मिळून एक उत्तर फळ्यावर लिहावे, नंतर जोड्यांनी, आणि मगच एकट्याने. जागा दाखवणाऱ्या रेघा हळूहळू काढून टाकाव्यात. मार्गदर्शक पुस्तिकेतले तयार उत्तर पाठ करून घेणे टाळावे. प्रश्नातला एक शब्द बदलला की पाठांतर कोसळते.

शब्दवही आणि घरचा शब्द

प्रत्येक मुलाच्या वहीची शेवटची पाने शब्दांसाठी राखावीत आणि तीन रकाने आखावेत: मराठी संज्ञा, इंग्रजी संज्ञा आणि घरचा शब्द किंवा घरचे उदाहरण. तिसरा रकाना शोभेसाठी नाही. कोकणा किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलाला त्या रकान्यात लिहायला मिळाले की ती भाषा वर्गाबाहेर ठेवावी लागत नाही, आणि नवा शब्द आधीच्या ओळखीवर उभा राहतो. भाषा शिक्षकाला येत नसेल तर मुलानेच वर्गाला शब्द समजावून द्यावा.

सेमीच्या वर्गात या वहीमुळे आणखी एक गोष्ट उघड होते. इंग्रजीतला ‘बेस’ हा एकच शब्द मराठीत त्रिकोणाचा आणि घातांकाचा पाया होतो, आणि रसायनात आम्लारी होतो. ‘पॉवर’ गणितात घात आणि भौतिकशास्त्रात शक्ती. मराठी संज्ञा ठाऊक असलेल्या मुलाला इंग्रजी संज्ञेचे दोन अर्थ वेगळे ठेवता येतात. अडचणीच्या वेळी राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश पाहावेत, पण मुलांसाठी बालभारतीच्या चालू पुस्तकातलीच संज्ञा प्रमाण मानावी. तीन पुस्तकांतल्या तीन संज्ञांनी मुले भांबावतात.

तपासणी आणि उजळणी

‘द्रावण म्हणजे काय?’ असे विचारले की पाठ केलेली व्याख्या येते. त्याऐवजी ‘हे द्रावण आहे का? कशावरून?’ असे विचारावे. ‘व्यास त्रिज्येपेक्षा दुपटीने लहान असतो’ अशी मुद्दाम चुकवलेली वाक्ये देऊन ती दुरुस्त करून घ्यावीत. गुण देताना गणिताची चूक आणि भाषेची चूक वेगळ्या खुणेने दाखवावी. निवडलेले पाच-सहा शब्द दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा समोर यायला हवेत. परिपाठानंतरची तीन मिनिटे त्यासाठी पुरतात.

वर्षअखेरीच्या जवळ एक सोयीचा योग येतो. २७ फेब्रुवारीला, नाशिकच्या कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिन असतो आणि दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिन. शाळा हे दोन दिवस दोन वेगळ्या शिक्षकांकडे सोपवतात. ते जोडून घ्यावेत: पहिल्या दिवशी मुलांनी वर्षभरातली चार खणांची कार्डे व्हरांड्यातल्या दोरीला लावावीत, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक कार्डाखाली ते करणाऱ्या मुलाने उभे राहून, आलेल्या पालकाला तो शब्द त्याच्या घरच्या भाषेत आणि मग विषयाच्या भाषेत समजावून सांगावा. त्यासाठी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातच कार्डे तपासून, ज्यांचा चौथा खण रिकामा आहे ती मुलांना परत द्यावीत.